पाण्याच्या पिशवीखाली

३१ ऑगस्ट, रविवार

बावीस किलोमीटर. चढ आठशे नव्वद मीटर. माझी वेळ तीन तास चार मिनिटं. हिची दोन तास सत्तावन्न.

आजवर या वहीत एवढंच लिहीत आलो. आज आकड्यांवर भागणार नाही, डोकं फिरलंय.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा ही एका दगडावर बसून सफरचंद खात होती. भोवती क्लबातले सहा-सात जण. मला बघून थोडी सरकली, शेजारची जागा थापटली आणि म्हणाली, "बस रे, दम घे." सगळ्यांच्या देखत. सहा वर्षांपूर्वी जिच्या कुशीत गल्लीच्या टोकापर्यंत जाताना कळ यायची, ती मला दम घ्यायला सांगते. हिला पळायला शिकवलं कोणी? मी बसलो नाही. बुटात खडा गेलाय असं दाखवून बाजूला गेलो, बूट काढला, झटकला. खडा वगैरे काही नव्हतं.

क्लबातल्या लोकांबद्दल काय लिहायचं! एक जण बुटाच्या तळव्यावर अर्धा तास बोलतो. दुसरा सकाळी पोट कसं साफ झालं ते न विचारता सांगतो. हे सगळे आता हिचे भक्त झालेत. "वहिनी, चढाला काय पळता हो तुम्ही!" आणि मग माझ्याकडे बघून, "दादा, तुम्ही पण छान आलात." छान आलात म्हणे. मी काय लग्नाला आलो होतो?

आल्यावर डोंगर-जोडी शर्यतीचा फॉर्म भरला. सोळा नोव्हेंबर, ऐंशी किलोमीटर. जोडीतल्या दोघांनी प्रत्येक चेकपॉइंटवर एकमेकांच्या पाच मिनिटांच्या आत पोहोचायचं आणि शेवटची रेषा एकत्र ओलांडायची. एकट्याने ओलांडली की जोडी रद्द. मागच्या वर्षी आम्ही तिसरे होतो. यंदा पहिले यायचंच. मी अठ्ठेचाळीसचा आहे, ही चव्वेचाळीसची. अजून किती वर्षं मिळणार?

फॉर्ममध्ये जोडीप्रमुखाचा रकाना होता. तिथे मी माझं नाव घातलं. हिने वाचलं आणि फॉर्म परत दिला.

३ सप्टेंबर, बुधवार

शांत डोक्याने विचार केला. हिचा दोष वेग हा नाही, उतावळेपणा हा आहे. चढ दिसला की सुटते. मागे कोणी आहे याचं भान नसतं. वर जाऊन थांबते, अंग थंड पडू देते, मी आलो की पुन्हा सुटते. याला जोडीने पळणं म्हणत नाहीत. जोडीत दोघांची चाल सारखी पाहिजे, आणि सारखेपणा कसा आणतात हे मला कोणी शिकवायला नको. एकवीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. काटा एका बाजूला झुकला तर आपण काट्याला समजावत बसत नाही, हलक्या बाजूला वजन टाकतो.

घोड्यांच्या शर्यतीत तर हे उघड चालतं. चपळ घोड्यावर शिसं लादतात आणि त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आमच्या दोघांच्या बॅगा मी भरतो, पहिल्यापासून. पाणी, शिट्टी, विजेरी, चकाकतं कागदी पांघरूण, मलमपट्टी, खजूर. ही आदल्या संध्याकाळी कपडे काढून ठेवते, मी बॅगा भरतो. आमच्या घरात ही वाटणी ठरलेली आहे. हिने आजवर कधी बॅग उघडून तपासली नाही.

माझ्या कपाटाच्या खणात पितळी वजनांचा एक संच आहे. कार्यालयाने बाद केलेला. झिजून प्रत्येकात थोडी घट आली म्हणून त्यावर फुलीचा शिक्का मारून मला देऊन टाकला. किलो, अर्धा किलो, दोन दोनशेची, शंभर, पन्नास. सगळी चपटी, चकत्यांसारखी. त्यातलं दोनशेचं एक मोज्यात गुंडाळून हिच्या बॅगेत तळाशी, पाण्याच्या पिशवीखाली ठेवलं.

दोनशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही. माणूस तेवढं पाणी एका दमात पितो.

७ सप्टेंबर, रविवार

चोवीस किलोमीटर. ही माझ्या फक्त अडीच मिनिटं आधी. उपाय लागू पडतोय. येताना मूड चांगला होता, हिच्यासाठी वाटेत नारळपाणी घेतलं. ही म्हणाली, "आज काय विशेष?" म्हटलं, आज आपण जोडीने पळालो. ही नारळात बघत हसली.

११ सप्टेंबर, गुरुवार

एका हार्डवेअरवाल्यावर छापा. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या वजनावर विकतो. काट्याचं पारडं उचललं तर खाली चुंबक चिकटवलेलं. प्रत्येक किलोमागे चाळीस ग्रॅम मारत होता. असा संतापलो की सहायक मागे सरकला. त्या माणसाला म्हटलं, समोर उभा असलेला माणूस तुझ्या भरवशावर डोळे मिटून पिशवी पुढे करतो आणि तू त्याच्या पाठीमागे हे धंदे करतोस? लाज वाटत नाही?

तो म्हातारा ढिम्म. काटा जप्त करताना म्हणाला, "गिऱ्हाइकाला कळत असतं साहेब. पिशवी हातात घेतली की कळतंच. बोलत नाहीत, एवढंच."

निर्ढावलेला माणूस. काट्याला सील ठोकलं आणि पंचनाम्यावर सही घेतली.

१४ सप्टेंबर, रविवार

दोनशेचं काढून अर्ध्या किलोचं ठेवलं. सव्वीस किलोमीटर, दोघांची वेळ जवळजवळ एकच. शेवटचा चढ शेजारी शेजारी चढलो. वर वारा होता. हिच्या कपाळावर केस चिकटले होते. खूप दिवसांनी असं बरोबर उभे होतो. मला खरंच बरं वाटलं.

२१ सप्टेंबर, रविवार

एक आठवडासुद्धा टिकलं नाही. आज ही पुन्हा चार मिनिटं पुढे. अर्धा किलो पचवलं बाईने. रात्रीचं जेवण झाल्यावर अर्ध्या किलोचं परत खणात टाकलं आणि एक किलोचं ठेवलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

अंघोळ करून ही आरशासमोर उभी होती. दोन्ही खांद्यांवर बॅगेच्या पट्ट्यांचे लाल वळ. डाव्या बाजूला कातडी सोलवटलेली. मी मलम आणून हलक्या हाताने लावलं. हिची पाठ मला फार आवडते, हे बरेच दिवस सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं.

ही आरशातूनच म्हणाली, "बॅग जड झालीय का रे जरा?"

म्हटलं, "दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. वजनाचं मला शिकवू नकोस."

"तुला नाही शिकवत," ही म्हणाली. "विचारलं नुसतं."

मलम लावून होईपर्यंत आरशातून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, पट्ट्या सैल कर. त्यावर मान डोलावली.

२८ सप्टेंबर, रविवार

चाळीस किलोमीटरची सराव शर्यत. हे लिहायची लाज वाटते, पण वहीत खोटं लिहून काय मिळवू? ही माझ्या सतरा मिनिटं आधी आली. एक किलो पाठीवर घेऊन.

माझा उजवा गुडघा उतारावर वाजायला लागलाय. हिला सांगितलेलं नाही. पट्टा बांधतो तो 'आधारासाठी' म्हणून. चौतीसच्या पुढे मी चाललो. माझ्या पुढून शाळेतल्या मुलांच्या वयाची पोरं गेली, आजोबांच्या वयाचा एक माणूस गेला. तो जाताना "शाब्बास, चालू ठेवा" म्हणाला. त्याला दगड मारावासा वाटला.

रेषेवर ही टॉवेल घेऊन उभी. "आलास? बरा आहेस ना?" मी टॉवेल घेतला नाही.

खरं सांगायचं तर भीती वाटते. लेक शिकायला बाहेर गेल्यापासून घरात आम्ही पळण्याशिवाय कशावरही बोलत नाही. कुठले बूट, किती पाणी, उद्या किती वाजता उठायचं. तेही गेलं तर जेवायच्या टेबलावर काय बोलणार? ही पुढे निघून गेली तर मी कोणाचा जोडीदार? हे एवढं एक वाक्य लिहायला मला पाव तास लागला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लेकीचा फोन. आधी आईशी अर्धा तास, दार लावून. मग मला दिला.

"बाबा, एक विचारू? चिडू नका."

चिडू नका म्हटल्यावर कोणता बाप चिडत नाही?

"यंदा आईला एकटीला पळू द्या ना. ते शिट्टीमास्तर तिला म्हणालेत, शंभर किलोमीटरच्या सोलोत उतर, तू नक्की जिंकशील. तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. शिट्टीमास्तर म्हणजे ही शर्यत भरवणारा निवृत्त कवायत शिक्षक. गळ्यात चोवीस तास शिट्टी. झोपतानाही काढत नसावा. हा माझ्या बायकोला परस्पर सल्ले देतो आणि ते लेकीला कळतात, मला नाही.

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो. ही भांडी विसळत होती.

"सोलो पळणार आहेस म्हणे."

"विचारलं त्यांनी. मी नाही म्हटलं."

"मग लेकीला कशाला सांगितलंस?"

"कोणाला तरी सांगावंसं वाटलं." नळ बंद केला. "आपला फॉर्म भरलाय ना, मी तुझ्याबरोबरच पळणार. यंदा पळणार."

"उपकार करतेस?"

ही हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "हे बघ, तुला माझ्याशी काही बोलायचंय का? कशाबद्दलही. मी ऐकते. चिडणार नाही."

म्हटलं, "हो, बोलायचंय. उतारावर टाच आधी टेकवतेस तू. पंजावर उतर, नाहीतर मांड्या संपतील."

 ही म्हणाली, "बरं," आणि राहिलेली भांडी विसळायला लागली. मी दोनदा सांगूनही टाच टेकवायची सवय गेलेली नाही, पण निदान ऐकून तरी घेतलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

किलोच्या जोडीला दोन्ही दोनशेची आणि शंभरचं टाकलं. एकूण दीड किलो. बॅग भरताना किंचित वाटलं की हे जास्त होतंय. पण मागच्या रविवारचा नऊ मिनिटांचा फरक दोनशे ग्रॅमने भरून निघत नाही.

पन्नास किलोमीटर. ही पुढेच होती, पण फक्त तीन मिनिटं. चाळिसाव्या किलोमीटरला माझ्या बुटाची नाडी सुटली. वाकलो तर कंबर धरली. ही मागे फिरून आली, माझ्यापुढे गुडघ्यावर बसली आणि नाडी बांधून दिली, दुहेरी गाठ मारून. वाटेवरून जाणाऱ्या दोन मुली "किती गोड" म्हणाल्या. मी पाय काढून घेतला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाच्या नाड्या बांधायच्या म्हणजे काय? आणि वाकताना एवढं वजन पाठीवर असून हिला उठायला हात टेकावा लागला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज बॅगा भरताना ती वजनं बाहेर काढून टेबलावर ठेवली. दोन आठवड्यांवर शर्यत. ऐंशी किलोमीटर दीड किलो जादा, हे शरीराला किती पडतं याचं गणित मांडलं. आकडा बरा आला नाही. मी राक्षस नाही.

मग मागच्या रविवारच्या वेळा पाहिल्या. वजनासकट सहा मिनिटं पुढे. वजनाशिवाय किती जाईल? पाच मिनिटांचा नियम मोडला की जोडी बाद. म्हणजे हे वजन आमच्या जोडीसाठीच आहे, माझ्यासाठी नाही. पुन्हा मोज्यात गुंडाळून तळाशी ठेवली. पाण्याची पिशवी वर बसवली, चेन लावली. त्यानंतर निवांत झोप लागली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी शर्यतीच्या ठिकाणी पोहोचलो. शाळेच्या सभागृहात नोंदणी. लांबच लांब टेबलं, नंबरांची पाकिटं, घामाचा आणि मलमाचा वास. यंदा शिट्टीमास्तरने नवीन खूळ काढलं: प्रत्येकाची बॅग पूर्ण रिकामी करून सामान तपासणार. मागच्या वर्षी कोणीतरी पांघरूण घेतलंच नव्हतं आणि डोंगरात काकडला, म्हणून.

हे रांगेत उभं राहिल्यावर कळलं.  हिला म्हटलं, "तुझी बॅग दे, मी दाखवतो." ही म्हणाली, "राहू दे, माझी मी दाखवते."

टेबलाशी गेली. शिट्टी ठेवली, विजेरी, पांघरूण, मलमपट्टी. पाण्याची पिशवी काढली. मग तळाशी हात घालून तो मोजा काढला, उघडला आणि आतली वजनं टेबलावर एकेक करून मांडली, मोठ्यापासून लहानापर्यंत, दुकानात मांडतात तशी. 

शिट्टीमास्तरने एक उचलून बघितलं. "हे काय?"

"माझीच आहेत," ही म्हणाली. "सरावाला ठेवली होती. काढायची राहिली."

"किती दिवसांपासून?"

"सप्टेंबरपासून. थोडीथोडी वाढवत."

शिट्टीमास्तरने माझ्याकडे बघितलं. त्याला माझं खातं माहीत आहे. फुलीचा शिक्काही त्याने बघितला असणार. पण तो हिलाच म्हणाला, "ताई, एवढं पाठीवर घेऊन अडीच महिने डोंगर चढलात, तर उद्या तुम्हाला पंख फुटणार."

"बघू," ही म्हणाली. वजनं टेबलावरच राहू दिली. "तुमच्याकडेच असू द्या."

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मी ठेवलं होतं दीड किलो. टेबलावर दोन किलो होतं. किलोचं, दोन्ही दोनशेची, शंभरचं, आणि अर्ध्या किलोचंही. ते मी सप्टेंबरात खणात परत टाकलं होतं, पक्कं आठवतं. त्या कपाटाची किल्ली आमच्या दोघांशिवाय कोणाकडे नाही. मीच कधीतरी गडबडीत घातलं असणार. माझ्या हातून अशी चूक होत नाही, पण दुसरं काय असेल?

खोलीवर आल्यावर वाटलं, आता ही बोलणार. काय काय उत्तरं द्यायची ते मनात जुळवून ठेवलं. ही बोललीच नाही. सकाळचे कपडे काढून ठेवले, पायाच्या बोटांना पट्ट्या लावल्या, आणि माझ्याही लावून दिल्या. माझ्या नखांची आग होते हे हिच्या लक्षात होतं.

सगळ्यांदेखत मला सांभाळून घेतलं, हे मान्य करायला हवं. मोठ्या मनाची आहे. विषय संपला. बॅगा मात्र आज आपापल्या भरल्या. उद्या आपणच जिंकणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस वही उघडली नाही. गुडघा नारळाएवढा सुजलाय. बसून लिहिता येतं तेवढं लिहितो.

सकाळी सहाला शिट्टी वाजली. पहिल्याच चढाला मी समजलो. ही पळत नव्हती, वर नुसती जात होती, जशी घरच्या जिन्यावरून गच्चीत जाते. तिच्या पाठीवरची बॅग उडत होती. मी मागून हाक मारली, हळू जरा. थांबली. मी पोहोचलो की पुन्हा निघाली. प्रत्येक चेकपॉइंटच्या अलीकडे थांबून राहायची आणि मी आलो की माझ्याबरोबर आत जायची. नोंद करणारे म्हणायचे, "वा, अगदी बरोबर आलात, तुम्हीच पहिले." पाच चेकपॉइंट असे झाले. आम्ही पहिले होतो. पहिले.

एकसष्टाव्या किलोमीटरला उतारावर गुडघा मुडपला. पडलो नाही, पण पाय टेकवेना. तिथून अडुसष्टच्या शेवटच्या चेकपॉइंटपर्यंत ही माझ्या शेजारून चालली, वाटेतली काठी उचलून दिली. वाटेत एकदाही घड्याळात बघितलं नाही. नोंदीच्या टेबलाशी मला खुर्चीवर बसवलं, पट्टा सोडून गुडघा पाहिला. "हे कधीपासून आहे?" मी गुडघा झाकून घेतला.

"डॉक्टर आहेत इथे. सोडून देऊ या का?"

"पहिल्या नंबरावर असताना?"

"मग असं करू," ही म्हणाली. "आता मध्ये चेकपॉइंट नाही. तू चालत ये, सावकाश. मी पुढे जाऊन रेषेजवळ थांबते. तिथे पाच मिनिटांची अट नाही. बारा किलोमीटर आहेत, येशील."

बोलणं साधंच होतं. पण ते सांगताना हिच्या चेहऱ्यावर घामसुद्धा नव्हता. अडुसष्ट किलोमीटर झाल्यावर. मला ते सहन झालं नाही. अडीच महिने मी या जोडीसाठी काय काय केलं आणि ही मला 'सावकाश ये' म्हणते.

मी म्हटलं, "ते वजन होतं तेव्हा आपण जोडीने पळत होतो. ते काढलंस आणि सगळ्याची वाट लावलीस."

नोंद करणारी मुलगी लिहिता लिहिता थांबली. ही माझ्या गुडघ्याला नवीन पट्टी गुंडाळत होती, ती तिने पूर्ण गुंडाळली. टोक नीट खोचलं. स्वतःच्या पिशवीतलं पाणी माझ्या बाटलीत ओतलं, पांघरूण माझ्या बॅगेत घातलं. मला वाटलं, पटलं तिला. मग उठली आणि गेली. वळणापर्यंत दिसत होती. टाच आधी टेकवूनच उतरत होती.

ते बारा किलोमीटर मी कसे कापले ते मला ठाऊक. दोन जोड्या माझ्या पुढून गेल्या. म्हटलं, तिसरा तर तिसरा, मागच्या वर्षीएवढा तरी. शेवटची झाडी संपली आणि मैदान दिसलं. पाच वाजून एकोणपन्नास मिनिटं. उतरतं ऊन. रेषेच्या अलीकडे, अगदी एका पावलावर, ही उभी होती. भोवती माणसं जमली होती. शिट्टीमास्तर नंतर म्हणाला, चार एकतीसला आली आणि तिथेच उभी राहिली. ना बसली, ना पाण्याला हात लावला. पुढे गेलेल्या दोन्ही जोड्या तिच्या शेजारून रेषा ओलांडून गेल्या, त्यांच्यासाठी तिने टाळ्या वाजवल्या.

मी काठी वर केली. हिने डोळ्यांवर हात धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. मीही उभा राहिलो, म्हणजे तिला नीट दिसेल. हिने हात वर केला. लोकांनी टाळ्या सुरू केल्या, कोणीतरी मला हाका मारत होतं. मी काठी टाकून पळायला लागलो, पळणं म्हणजे जे काय होत होतं ते.

तेव्हा ही वळली आणि रेषेच्या पलीकडे गेली. पळत नाही, चालत. एक पाऊल टाकलं आणि पलीकडे होती.

टाळ्या बंद झाल्या. शिट्टीमास्तर म्हणाला, "जोडी रद्द. नियम आहे," पण तोंड दुसरीकडे करून. मी पोहोचलो तेव्हा काय ओरडलो ते सगळं इथे लिहीत नाही. एवढं आठवतं, की म्हटलं, "दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं थांबली असतीस तर काय झालं असतं?"

ही शांतपणे म्हणाली, "थांबले की. अठ्ठ्याहत्तर मिनिटं थांबले. तू धड येतोयस ना, तेवढं बघायचं होतं. ते बघितलं."

तिच्या मागे लेक उभी होती. ती येणार आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या एका हातात आईचे कोरडे कपडे होते आणि दुसऱ्या हातात आमच्या घरातली मोठी बॅग, प्रवासाला नेतो ती. ती बॅग घरातून कधी बाहेर गेली, मला कळलं नव्हतं.

"बाबा, तुमच्या गुडघ्याचं डॉक्टरांना सांगून ठेवलंय," लेक म्हणाली. "ते तुम्हाला घरी सोडतील. आई माझ्याकडे येतेय."

"किती दिवस?" मी विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.  गेल्या दोघी, गप्पा मारत. जाता जाता लेक कशाला तरी हसलीही.

डॉक्टरांना म्हटलं, थोडं थांबा. मैदान रिकामं होत आलं होतं, दोरे गुंडाळत होते. ही रेषेवर उभी होती त्या जागेपासून मी उभा राहिलो होतो त्या झाडापर्यंत लंगडत गेलो, पावलं मोजत. एकशे चाळीस भरली. एवढ्या अंतरावरून माणूस पायावर उभा आहे की नाही ते दिसतं. चेहरा दिसतो का, म्हणजे तिला माझा चेहरा दिसला होता का, ते तपासायचं होतं. मी झाडापाशी वळून उभा राहिलो. पण ते कळायला तिथे, रेषेवर, कोणीतरी उभं असायला हवं होतं. तिथे कोणी नव्हतं.